पाय थकले, वाचन नाही!

जिना चढवत नाही म्हणून ज्येष्ठ वाचक घरी बसतो आणि काही महिन्यांनी ग्रंथालयाच्या रजिस्टरातून त्याचं नाव कमी होतं. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा नियम जगाला देणारे रंगनाथन ज्या बंगळुरूत राहिले, तिथे तरी या वाचकाच्या दारापर्यंत पुस्तक पोहोचतं का?

ग्रंथालयाला पायऱ्या किती? विशीतल्या वाचकाला विचारा, त्याला सांगता येणार नाही. एका ढांगेत दोन पायऱ्या चढणारा कशाला मोजत बसेल? पंचाहत्तरीतल्या वाचकाला विचारा, आकडा तोंडपाठ असतो. कठडा कुठे संपतो, दम खायला कुठे थांबायचं, कुठली फरशी पावसात निसरडी होते, सगळं त्याला ठाऊक असतं.

मग एक दिवस तो येईनासा होतो. गुडघा दुखावलेला असतो, मोतीबिंदू वाढलेला असतो किंवा सोबत येणारी जीवनसाथी गेलेली असते. ग्रंथालयात कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. पुस्तक थकतं, दंड चढतो, वर्गणी राहते. एखादं स्मरणपत्र जातं. त्यालाही उत्तर आलं नाही की लाल शाईनं रेघ ओढली जाते, ‘नाव कमी केले’. कारकुनाचं काही चुकलेलं नसतं, नियमच तसा असतो. पण ज्या दिवसांत त्या माणसाला पुस्तकाची गरज सर्वांत जास्त असते, नेमके तेच हे दिवस असतात. बाहेर जाणं थांबलं, माणसं भेटेनाशी झाली आणि पुस्तकही थांबलं!

हे कुठल्याही गावात घडतं. बंगळुरूत घडलं की मात्र जास्त बोचतं. त्याला कारण आहे.

रंगनाथन यांचं गाव

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी, सजीव संस्था आहे.

ऐकायला अगदी साधे वाटणारे हे नियम. पण दुसरा नियम नीट वाचला, तर भल्याभल्या ग्रंथालयांची झोप उडावी. ‘प्रत्येक वाचक’ म्हणजे फक्त दारातून आत येणारा वाचक, असं त्यात कुठेही नाही. या नियमाचा विस्तार करताना रंगनाथन यांनी इस्पितळातले रुग्ण, अंध माणसं, तुरुंगातले कैदी, समुद्रावरचे खलाशी या सगळ्यांचा विचार केला होता. जो येऊ शकत नाही तोही वाचकच, हे त्यांनी त्या काळात ठणकावून सांगितलं.

१९३१ हे सालच तसं विलक्षण. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचं ग्रंथालय खेड्यापाड्यांतून फिरू लागलं. आणि सातासमुद्रापार अमेरिकेत त्याच वर्षी प्रौढ अंधांना सरकारी खर्चानं पुस्तकं पुरवण्याचा कायदा झाला. पुस्तकानंच वाचकाकडे जायचं, ही कल्पना दोन्हीकडे एकाच वेळी अशी रुजत होती.

रंगनाथन १९५७ मध्ये बंगळुरूला राहायला आले. १९६२ मध्ये त्यांनी इथेच डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर ही ग्रंथपाल घडवणारी संस्था उभी केली. २७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, याच शहरात त्यांचं निधन झालं. म्हणजे या नियमकर्त्याचं स्वतःचं म्हातारपण बंगळुरूतच गेलं. त्यांच्या दुसऱ्या नियमाची परीक्षा घ्यायची तर याहून योग्य गाव कुठलं?

पेन्शनरांचं नंदनवन

बंगळुरूची जुनी ओळख ‘पेन्शनरांचं नंदनवन’ अशी होती. हवा थंड, झाडी दाट, रस्ते निवांत. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती मोकळ्या हवेसाठी आखल्या गेल्या. निवृत्त माणसानं सकाळी बागेत फेरी मारावी, परतताना वाचनालयात वर्तमानपत्रं चाळावीत आणि जेवायला घरी यावं, असा तिथला दिनक्रम.

त्याला साजेशा संस्थाही उभ्या राहिल्या. कब्बन पार्कमधली लाल रंगाची देखणी इमारत पर्यटक हमखास पाहतात. म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ १९१५ मध्ये बांधलेल्या या वास्तूत आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. बसवनगुडी परिसरात १९४५ या एकाच वर्षी दोन संस्था जन्मल्या. त्यातली एक मराठी माणसानं मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे. तिचं नाव गोखले सार्वजनिक विचार संस्था! कन्नड साहित्यातले थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती स्थापन केली आणि तिला नाव दिलं आपल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. दुसरी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर. ती काढली मुंबईत जन्मलेल्या बी. पी. वाडिया या पारशी गृहस्थांनी. मद्रासच्या गिरणी कामगारांची संघटना १९१८ मध्ये उभारणारे हेच ते वाडिया. दोन्ही संस्थांत ग्रंथालय आहे, व्याख्यानं होतात आणि श्रोत्यांमध्ये पांढऱ्या केसांची बहुसंख्या असते.

पण या सगळ्या सोयी कुणासाठी? ज्याला तिथवर जाता येतं त्याच्यासाठी. नंदनवनातले रस्ते आता निवांत राहिलेले नाहीत. एकेरी वाहतूक, उखडलेले पदपथ आणि न थांबणारी वाहनं यांच्यामधून रस्ता ओलांडणं तरुणालाही जड जातं. आठशे मीटरवरचं ग्रंथालय ऐंशीच्या माणसाला आठ कोसांवर गेल्यासारखं वाटतं. वाचनालयाच्या बाकावरची त्याची जागा मग दुसरा कुणीतरी घेतो.

एकट्या बंगळुरूचा हा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख भरली होती. ती त्यानंतर वाढतेच आहे. नोकरीत असताना ‘निवृत्त झालो की निवांत वाचेन’ असं म्हणणारे यात लाखोंनी असतील. निवृत्तीनंतर वेळ मिळतो हे खरं. पण तो मिळेपर्यंत डोळे, गुडघे आणि सोबत यातलं काहीतरी एक हातचं जायला लागलेलं असतं.

भाषेची आणखी एक पायरी

बंगळुरूतल्या मराठी ज्येष्ठांपुढे तर जिन्याआधी एक वेगळीच पायरी येते, ती लिपीची. संगणकाच्या धंद्यानं पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-सोलापूरची मुलं इथे आणली. मुलं स्थिरावली, नातवंडं झाली आणि मग गावाकडचं घर बंद करून आई-बाबाही आले. व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर सगळं काही आहे. लिफ्ट आहे, बाग आहे, खाली दुकान आहे. फक्त दुकानाच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि शेजारच्या आजोबांशी बोलायचं तर मोडक्या हिंदीत बोलावं लागतं.

सांगलीत किंवा साताऱ्यात असताना नगर वाचनालयाचं कार्ड हा या माणसांच्या आयुष्याचा भाग होता. दिवाळी अंकांसाठी नंबर लावणं, नवी कादंबरी कुणाकडे आहे याची चौकशी करणं, ग्रंथपालानं ओळखीनं पुस्तक बाजूला काढून ठेवणं, हे सगळं कुलूप लावलेल्या घरासारखं मागे राहिलं. सुनेला सांगावं तर ती रात्री आठला दमून घरी येते. मुलाला सांगितलं तर तो मोबाइलवर दहा पुस्तकं उतरवून देतो आणि अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवायला विसरतो. दोष कुणाचाच नसतो, पण पुस्तक मात्र हातात येत नाही.

गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी या शहरात मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. पण व्हाइटफील्डपासून गांधीनगर वीसेक किलोमीटर दूर. आता मेट्रो आहे हे खरं. पण स्टेशनपर्यंत जायचं, गर्दीत उभं राहायचं आणि चार पुस्तकांची पिशवी घेऊन परतायचं, हे कोण करणार? म्हणूनच वस्तीपाशी किंवा इमारतीपाशी पुस्तक पोहोचवण्याचा विचार केल्याशिवाय गत्यंतर नाही.

पेटी ते पिशवी

ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात फिरत्या ग्रंथालयाचा एक खास विभाग होता. पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या खेड्याखेड्यांत जात, वाचून झाल्या की परत येत आणि नव्या पेट्या रवाना होत. ज्या गावात ग्रंथालय उभं करणं शक्य नव्हतं, तिथे निदान एक पेटी तरी पोहोचे.

सयाजीरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. आणि योगायोग पाहा, त्याच नाशिकमधून २००९ मध्ये पुन्हा पुस्तकांच्या पेट्या निघाल्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. वाचकांचा एक गट जमवायचा, त्याला पुस्तकांची पेटी द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाशी बदलायची. वाचकाला दूर जावं लागत नाही. आपल्याच आळीत किंवा इमारतीत कुणाच्या तरी घरी पेटी असते. ही पेटी पुढे दुबईपासून युरोपपर्यंतच्या मराठी घरांत पोहोचली. परमुलखातल्या मराठी ज्येष्ठांसाठी याहून सुटसुटीत युक्ती सापडणं कठीण. एक पेटी, एक जबाबदार घर आणि एक वही, एवढंच भांडवल लागतं.

डोंबिवलीत पुंडलिक पै यांची १९८६ पासून चाललेली फ्रेंड्स लायब्ररीही घरपोच पुस्तकं देण्यासाठी ओळखली जाते. केरळात तर राज्य ग्रंथालय परिषदेनं महिला आणि वृद्ध वाचकांसाठी घरोघर पुस्तकं नेण्याची योजनाच आखली. वायनाड जिल्ह्यातल्या मोथक्करा गावच्या प्रतिभा ग्रंथालयाच्या के. पी. राधामणी खांद्यावर पुस्तकांची पिशवी अडकवून वाड्यावस्त्यांवर पायी फिरत आणि ‘चालतं ग्रंथालय’ म्हणून देशभर ओळखल्या गेल्या. स्वीडनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या अशाच सेवेचं नाव फार गोड आहे. मराठीत सांगायचं तर ‘पुस्तक येतंय’!

म्हातारपणी पोथीच का?

ज्येष्ठांसाठी पुस्तकं नेणाऱ्यांच्या हातून एक चूक हमखास होते. पिशवीत सगळी आध्यात्मिक पुस्तकं भरली जातात. वय झालं म्हणजे माणसाला फक्त परमार्थ हवा, असं गृहीत धरलं जातं. ज्यांना हवा त्यांना तो द्यायलाच हवा. पण तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार उशाशी ठेवून झोपणारा माणूस सत्तरीत अचानक बदलतो थोडाच! त्याला रहस्यकथाच हवी असते, फक्त मागायचा संकोच वाटतो. कुणा आजींना नव्या लेखिकांच्या कथा वाचायच्या असतात. निवृत्त इंजिनिअरला अवकाशयानावरचं पुस्तक हवं असतं. कुणाला नातवाला सांगण्यापुरती इसापनीती हवी असते.

रंगनाथन यांच्या नियमात ‘त्याचं’ पुस्तक असा शब्द आहे, तो यासाठीच. आपल्याला योग्य वाटतं ते पुस्तक देणं वेगळं आणि त्याला हवं ते देणं वेगळं. त्यासाठी पहिल्या भेटीत पुस्तक न नेता नुसती विचारपूस करावी. पूर्वी काय वाचत होता, आवडता लेखक कोण, काय अजिबात नको, अक्षर केवढं लागतं, पुस्तक किती जड चालेल, हे एका कार्डावर लिहून घ्यावं. दिलेल्या पुस्तकांची नोंदही त्याच कार्डावर ठेवावी. म्हणजे ‘हे वाचलंय हो मी’ असं म्हणायची पाळी येत नाही.

अक्षराच्या आकाराचा मुद्दा तर कळीचा. साठीनंतर डोळ्याला वाचायला तरुणपणीच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. नेहमीच्या पुस्तकांचा अकरा-बारा पॉइंटचा टाइप अशा डोळ्यांना पुरत नाही, सोळा-अठरा पॉइंटचा लागतो. मराठीत मोठ्या टाइपातल्या कथा-कादंबऱ्या शोधून सापडत नाहीत. मोठा टाइप दिसतो तो पोथ्यांना! आपल्या पोथ्या छापणाऱ्यांना वाचणारा कोण आहे, त्याचं वय काय, हे पक्कं माहीत होतं. कादंबरी छापणाऱ्यांनाही ते कळायला हवं. तोवर एक चांगलं भिंग आणि खिडकीजवळची खुर्ची यांवर काम भागवावं लागेल.

डोळे थकले तर कान आहेत

भिंगानंही भागलं नाही तर? उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल शिकणं अवघड जातं. बोटांची जाणीव कमी झालेली असते. अशांसाठी बोलकी पुस्तकं हा मोठा दिलासा आहे. बंगळुरूमध्ये मधु सिंघल यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘मित्र ज्योती’ या संस्थेचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. मधु सिंघल स्वतः दृष्टिहीन आहेत. अशा ग्रंथालयांसाठी स्वयंसेवक आपल्या आवाजात पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात.

यामागे कायद्याचा आधार आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायदा अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं वाचनसुलभ रूपांतर करायला मुभा देतो. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. या कराराची खासियत अशी की, त्यात फक्त अंधांचा विचार नाही. शारीरिक अपंगत्वामुळे ज्याला पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही, तोही त्यात येतो. कंपवातानं हात थरथरणारे किंवा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले किती आजी-आजोबा या व्याख्येत बसतील! २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकारानं ‘सुगम्य पुस्तकालय’ हा अशा पुस्तकांचा इंटरनेटवरचा संग्रहही सुरू झाला. कर्नाटक सरकारनंही २०२० मध्ये सर्वांसाठी डिजिटल ग्रंथालय उघडलं.

पण ही दारं उघडून देणारा कुणीतरी लागतो. नाव नोंदवायला, पासवर्ड लक्षात ठेवायला, कुठलं बटण दाबायचं ते चार वेळा न कंटाळता सांगायला माणूसच हवा. यंत्रानं पुस्तक जवळ आणलं तरी शेवटचे दोन हात अंतर माणसालाच कापावं लागतं.

मंगळवारी चार वाजता

या कामाचा खरा लाभ पुस्तकाच्या पलीकडचा आहे. दर मंगळवारी चार वाजता कुणीतरी पुस्तक बदलायला येणार हे ठरलं की आठवड्याला आकार येतो. तीन वाजता केस विंचरले जातात, धुतलेला शर्ट अंगावर चढतो, चहाचं आधण ठेवायला सांगितलं जातं. आलेल्या माणसाशी बोलायला हक्काचा विषय असतो. ‘आज औषध घेतलंत का?’ या प्रश्नानं थकलेल्या कानांना ‘शेवट पटला का तुम्हाला?’ हा प्रश्न ऐकू येतो. त्या क्षणी तो रुग्ण नसतो, कुणाचा भार नसतो. तो वाचक असतो, आणि त्याच्या मताला किंमत असते.

याच भेटीत न बोललेलं बरंच काही कळतं. पुस्तक आठवडाभरानं परत आलं आणि खुणेचा कागद बाराव्या पानावरच असला, तर जाणत्या कार्यकर्त्यानं थबकायला हवं. चष्म्याचा नंबर बदलला असेल. मन लागत नसेल. वाचलेलं लक्षात राहत नसेल. मुलं ऑफिसात असताना घरात काय बदलतंय, हे कधी कधी पुस्तकवाल्यालाच आधी दिसतं. अशा वेळी घरच्यांशी हळूच बोलावं. गोष्ट त्याहून गंभीर, म्हणजे हेळसांडीची किंवा छळाची वाटली, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशपातळीवरचा मदत क्रमांक आहे. बंगळुरूमध्ये तर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी २००२ मध्येच ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन सुरू केली होती.

वाचनानं स्मृतिभ्रंश टळतो का, असंही विचारलं जातं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. याचा अर्थ वाचन हे औषध आहे असा नाही. मेंदू चांगला असतो म्हणून माणसं वाचत राहतात, असंही असू शकतं. म्हणून भलत्या आशा लावू नयेत. आजचा दिवस बरा जातो, हे काय कमी आहे?

पैसा कुठून येणार?

कर्नाटकात १९६५ पासून ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. म्हणजे बंगळुरूत घर असलेला प्रत्येक जण ग्रंथालयासाठी पैसे मोजतो, त्यात घरात अडकलेले आजोबाही आले! महापालिकेनं गोळा केलेला हा उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं गाजत आली. महाराष्ट्राची तऱ्हा वेगळी. आपला कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. लोकांनी ग्रंथालयं चालवायची आणि सरकारनं अनुदान द्यायचं, अशी ती पद्धत. एकीकडे सरकारची यंत्रणा, दुसरीकडे लोकांची हौस. दोन्हीकडे वार्षिक अहवालात सभासद किती, पुस्तकं किती, देवघेव किती, हे आकडे असतात. घरबसल्या किती वाचकांना पुस्तक पोहोचलं, असा रकाना सहसा दिसत नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी पैसाही मागितला जात नाही.

खरं तर खर्च फार नाही. शंभर पुस्तकं नवी घ्यायची तिथे नव्वद घ्यावीत आणि उरलेल्या पैशांत पिशव्या, भिंगं आणि रिक्षाभाडं बसवावं. माणसं तर आजूबाजूलाच आहेत. नुकतेच निवृत्त झालेले, हातीपायी धड असलेले साठीतले लोक ऐंशीतल्यांकडे आनंदानं जातील. कॉलेजची मुलं जातील. पथ्यं मात्र पाळावीत. ग्रंथालयाचं ओळखपत्र हवं. पहिल्या भेटीला दोघांनी जावं आणि घरच्यांना आधी कल्पना द्यावी. दिवस आणि वेळ ठरवली की मोडू नये, येता येणार नसेल तर फोन करावा. पैशाच्या, मृत्युपत्राच्या, घरगुती भांडणाच्या गोष्टीत पडू नये. उशिराचा दंड घेऊ नये. पुस्तकावर चहा सांडला तर हसून न्यावं. वाट पाहणाऱ्या माणसाला वाट पाहायला लावून न जाणं, हे मात्र कधीही करू नये. त्यापेक्षा सुरुवात न केलेली बरी.

वृद्धाश्रमांसाठी पेटी ठेवणं सोयीचं पडतं. तिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला पुस्तक धरवत नाही, तिसऱ्याला फक्त माणसांत बसायचं असतं. एका आवाजात तिघांचं काम होतं. व्हाइटफील्डच्या इमारतीत मराठी, कन्नड, तमीळ, बंगाली आजी-आजोबा एकत्र बसले, प्रत्येकानं आपल्या भाषेतली एक गोष्ट हिंदीतून किंवा इंग्रजीतून सांगितली, तरी शेजार जुळतो. पाटी न वाचता येणाऱ्या गावात पहिली ओळख अशीच होते.

आणि सुरुवात कुठून करायची? त्यासाठी सरकारी आदेशाची गरज नाही, कुणा देणगीदाराचीही नाही. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकच विषय ठेवावा. गेल्या दोन वर्षांत नाव कमी केलेल्या सभासदांची यादी मोठ्यानं वाचावी. त्यातली काही माणसं गाव सोडून गेलेली निघतील, काही जगातून गेलेली. पण काही नावं अशी निघतील, जी चार गल्ल्या पलीकडे, खिडकीपाशी बसलेली असतील. त्या नावांपुढची लाल रेघ खोडावी, पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावा आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी निघावं.